माशीमॅडमचा खंड

कॉलेजात तिला सगळे माशीमॅडम म्हणत. नाव पोरांनी ठेवलेलं. पोरांचं ऐकून शिपाई म्हणू लागले, शिपायांचं ऐकून ग्रंथपाल, आणि एकदा तर खुद्द प्राचार्यांनी भर सभेत "माशीमॅडम, तुमचं काय मत?" असं विचारून जीभ चावली होती. तिला त्याचं काही वाटत नसे. प्राणिशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत तिनं फळमाश्यांची चौदा घराणी सांभाळली होती. कुणी पांढऱ्या डोळ्यांचं, कुणी कुरळ्या पंखांचं, कुणी काळ्या अंगाचं, कुणाला पंख असून नसल्यासारखे. पिकलेल्या केळ्यावर घिरट्या घालते तीच ही माशी, तिळाएवढी. पण आईबापांचे गुण लेकरांत कसे उतरतात ते ती दहा-बारा दिवसांत दाखवून देते. माणसांत तेच बघायचं तर आजीला नातसून येईपर्यंत थांबावं लागेल.

माश्या पाळणं सोपं नव्हतं. मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट एकत्र शिजवायचं, बाटल्यांच्या तळाशी ओतायचं, वर कापसाचा बोळा. दर बारा दिवसांनी प्रत्येक घराणं जुन्या बाटलीतून नव्या बाटलीत हलवायचं. चौदा घराणी म्हणजे रोज कुणाची ना कुणाची घरबदल असायचीच. खोली फार तापली की नर निकामी होतात. मग पंख्यासमोर ओलं फडकं लावायचं, फारच झालं तर बर्फाचं भांडं ठेवायचं. एक दिवस चुकला तर चालतं. आठ दिवस चुकले तर बुरशी येते आणि एखादं घराणं संपतं. लोक रिकामटेकड्या माणसाला 'माश्या मारत बसलाय' म्हणतात. ती म्हणायची, माश्या मारायला कसलं काम, जगवून दाखवा!

ती जे शिकवायची तेच कायम प्राध्यापक शिकवायचे. तितकेच तास, तीच मुलं, तेच पेपर. पगार मात्र त्यांच्या तिसऱ्या हिश्शाइतका, आणि तोही अकरा वर्षांत जागचा हललेला नव्हता. कारण ती तात्पुरती होती. दरवर्षी साडेअकरा महिन्यांचा नेमणूक आदेश निघायचा. तो संपला की उन्हाळ्यात पंधरा दिवसांचा खंड, आणि मग नवा आदेश. नव्या आदेशाबरोबर 'मी आज रोजी नव्याने रुजू होत आहे' असा अर्ज तिनं दहा वेळा लिहून दिला होता. कायम शिक्षकांना त्या दिवसांत सुट्टी असे, तिला खंड. सुट्टी आणि खंड दिसायला जुळ्या बहिणी. एकीला पगार असतो, दुसरीला नसतो, एवढाच फरक.

खंडाचे आदेश कार्यालयाच्या अधीक्षकांच्या सहीनं निघत. म्हणून तात्पुरत्या शिक्षकांनी त्यांचं नाव खंडेराव ठेवलं होतं. ते त्यांनाही ठाऊक होतं.

अकरावं वर्ष संपत आलं तेव्हा सूचनाफलकावर एक परिपत्रक लागलं. मंजूर आणि रिकाम्या पदावर सलग आठ वर्षं काम केलेल्या तात्पुरत्या शिक्षकांना कायम करण्याचा विचार होईल, त्यासाठी समिती येईल, अर्ज करावेत. फलकापुढे गर्दी जमली. भूगोलाच्या तात्पुरत्या सरांनी परिपत्रक दोनदा वाचलं आणि म्हणाले, "सलग. हा शब्दच मारून टाकणार आपल्याला."

ती तडक खंडेरावांकडे गेली. ते फायलींच्या भिंतीआड बसले होते.

"माझी अकरा वर्षं झाली," ती म्हणाली.

खंडेरावांनी तिची फाईल काढली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "अकरा कुठली मॅडम? कागदावर तुमची सेवा नऊ महिने."

"आणि आधीची दहा वर्षं?"

"ती दहा निरनिराळ्या बायांची होती असं समजा. प्रत्येकीनं साडेअकरा महिने काम केलं आणि गेली." बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच बरं वाटलं नसावं. त्यांनी परिपत्रकाचं मागचं पान उलटलं. "एक वाट आहे म्हणा. हे पोटकलम. खंडाच्या काळात विभागाच्या गरजेपोटी प्रत्यक्ष काम केलं असेल, आणि त्याच वेळी लिहिलेला पुरावा असेल, तर तो खंड मोजायचा नाही. पण असा पुरावा कोण ठेवतो? हजेरीपटावर तर तुमचं नावच नसतं त्या दिवसांत."

"नियम कुणी केला हा?"

"मी नाही केला," खंडेराव म्हणाले. "मी शिक्का मारतो."

घरी आली ती चेहरा पाडूनच. घर म्हणजे पुढच्या खोलीत नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान आणि मागे संसार. नवरा काच घासत होता. गल्ल्यामागच्या खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. गिऱ्हाइकाला चौकट शोभते की नाही हे तोंडावर सांगायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं.

"पुरावा?" सासूबाई म्हणाल्या. "अगं, त्या पंधरा दिवसांत तू रोज उठून जात कुठे होतीस मग? शेजारीपाजारी विचारून विचारून हैराण करायचे मला. सुट्टीत सून कुठे जाते? मी सांगायचे, बिनपगारी माश्यांना जेवू घालायला जाते. लोकांना वाटायचं म्हातारीला चळ लागला."

"आई, मी जात होते ते तुम्हाला माहीत. कागदाला कुठे माहीत?"

"तू तिथे काही लिहीत नाहीस का?" नवऱ्यानं काच उजेडात धरत विचारलं. "घरी तर दुधाचा हिशेबसुद्धा तारीखवार लिहितेस."

तिनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. लिहीत तर ती होतीच. अकरा वर्षं वहीत एकही दिवस कोरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या खोलीतल्या कपाटाच्या खालच्या फळीतून तिनं वह्या काढल्या. वर्षाला एक, जाड पुठ्ठ्याची. त्यात तारीख, खोलीचं तापमान, कुठलं घराणं कुठल्या बाटलीत हलवलं, किती मेल्या, किती निघाल्या आणि शेवटी तिची आद्याक्षरं. दर शनिवारी खाली विभागप्रमुखांची सही. ही वही कुणाला दाखवायला नव्हती. घराण्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून होती. खंडातले दिवसही त्यात तसेच होते, कारण माश्यांना खंड नसतो.

विभागप्रमुख आत आले. तिला सगळे मॅडम म्हणत, ते एकटे नावाशिवाय 'अगं' म्हणत, कारण वीस वर्षांपूर्वी ती त्यांच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची. उंच, थोडे वाकलेले, खिशाला कायम शाईचा डाग. निवृत्तीला सात महिने उरले होते.

"सर, हे बघा," ती म्हणाली.

ते स्टूल ओढून बसले. दोघांनी मिळून एकेक वही उघडली आणि खंडाच्या पंधरवड्यात कागदाच्या चिठ्ठ्या घातल्या. पहिलं वर्ष, दुसरं, तिसरं. सर मधेच हसत होते. "अगं, हा बर्फाचा दिवस आठवतो? वीज गेली होती आणि तू मासळीबाजारातून बर्फ आणलास. चार दिवस विभागाला वास."

चौथ्या वहीपाशी दोघंही थांबली.

चौथ्या वर्षीच्या खंडात ती आली नव्हती. तिच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ती पंधरा दिवस दुसऱ्या गावी इस्पितळात आईच्या उशाशी बसून होती. त्या पंधरवड्यातलं अक्षर सरांचं होतं, तिरपं आणि मोठं. एका तारखेला लिहिलं होतं, 'आज तीन नंबरची बाटली हातून पडली. माश्या पळाल्या. एक नाकात गेली. क्षमस्व.' खाली सरांची सही.

तिनं बोटांवर मोजलं. चौथ्या वर्षानंतरची सलग वर्षं सात भरत होती. हवी होती आठ.

"कुठे माशी शिंकली बघा," ती म्हणाली, आणि हसायला गेली तर रडू आलं.

सर खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "दहा वह्यांतली एक हरवू शकते. जुनं कपाट आहे, गेल्या वर्षी वाळवी लागली होती. बाकीच्या नऊ बघून कुणीही म्हणेल की दहाव्या वेळीही आलीच असणार."

"सर!"

"मी खोटं बोल म्हणत नाही. तू काही बोलूच नकोस. विचारलं तर मी बोलेन."

"आणि तुमचं काय?" तिला आता दुसरीच गोष्ट सुचली होती. "खंडावरच्या माणसाला प्रयोगशाळेत घेऊ नये असा लेखी हुकूम आहे. प्रत्येक शनिवारी तुमची सही आहे इथे. ह्या वह्या पुढे केल्या तर पहिले तुम्ही अडकाल. सात महिन्यांवर निवृत्ती."

"मला काय करतील? पुन्हा पहिलीत बसवतील?" सर म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अगं, दरवर्षी तुला बिनपगारी राबवत होतो मी. हुकूम मोडला त्याचं मला काही नाही. तू येतेस आणि मी सही करतो आणि आपलं छान चाललंय, असं मला दहा वर्षं वाटत राहिलं, ते खुपतं आता. एकदा तरी वर जाऊन भांडायला हवं होतं. ह्या वह्या जाऊ देत वर."

अर्ज गेला. समिती यायला तीन आठवडे होते, आणि ते तीन आठवडे तिला खायला उठले. वर्गात शिकवताना ठीक असे. बाटल्या धुताना चौथी वही डोळ्यांपुढे येई. ती वही कपाटात ठेवली तर सरांच्या तोंडून खोटं निघणार. समितीपुढे ठेवली तर आपल्या हातानं आपलं दार लावून घेणार. भूगोलाच्या सरांना तिनं आडून विचारलं, तर ते म्हणाले, "मॅडम, त्यांनी दहा वर्षं आपल्या हजेरीत खोट्या सुट्ट्या घुसवल्या. आपण एक खरी सुट्टी लपवली तर कुठला डोंगर कोसळतो?" बोलणं बिनतोड होतं.

एका संध्याकाळी दुकान बंद करताना तिनं नवऱ्याला विचारलं, "अहो, तुम्ही काय केलं असतं?"

तो फळ्या लावत होता. "मला विचारशील तर मी लपवली असती," तो म्हणाला. "पण मी चष्मे विकतो. तू मुलांना सांगतेस की माशी जशी दिसली तशीच लिहा, हवी तशी लिहू नका. परवा एका मुलीला घरी बोलावून तेच तासभर सांगत होतीस. मला आतून ऐकू येत होतं."

"म्हणजे दाखवू?"

"तसं नाही म्हणालो मी. पगार वाढला तर मलाही हवाच आहे," तो हसून म्हणाला. "पण उद्या कायम झालीस आणि घरी येऊन तोंड पाडून बसलीस, तर तुला सांभाळायचं कुणी?"

समितीच्या दिवशी तिनं पिशवीत दहाच्या दहा वह्या भरल्या. तरी काय करायचं ते ठरलेलं नव्हतंच.

समिती तीन जणांची होती. अध्यक्ष म्हणजे दुसऱ्या शहरातल्या एक निवृत्त प्राचार्या, बारीक अंगाच्या, केस कापूस पिंजल्यासारखे पांढरे. त्यांच्या एका बाजूला कायदा सल्लागार आणि दुसऱ्या बाजूला लेखाधिकारी बसले होते. कोपऱ्यात खंडेराव फायली घेऊन. विभागप्रमुखांना साक्षीला बोलावलं होतं.

तिनं नऊ वह्या टेबलावर ठेवल्या. दहावी पिशवीत राहिली.

अध्यक्षबाईंनी पहिली वही उघडली. त्या चाळून पुढे जातील असं तिला वाटलं होतं. पण बाई वाचत होत्या. एक पान, दुसरं पान. "हे 'काळ्यांत दोन पिवळ्या निघाल्या, तपासणे' म्हणजे काय?"

"सरमिसळ झाल्याची शंका होती. नंतर कळलं, बाटलीवरची चिठ्ठी चुकीची होती. पुढच्या पानावर आहे."

बाईंनी पुढचं पान बघितलं. होतं. त्यांनी मान हलवली.

"खंडावर असताना प्रयोगशाळेत येण्याची परवानगी तुम्हाला कुणी दिली?" कायदा सल्लागारांनी विचारलं.

"मी दिली," सर म्हणाले. "तोंडी. माझी किल्ली दिली. ह्यांच्यावर त्याचा ठपका नको."

"हुकूम माहीत होता तुम्हाला?"

"पाठ होता. पण त्यांनी यायचं थांबवलं असतं तर पुढच्या वर्षी दोनशे मुलांना प्रात्यक्षिकाला माश्या नसत्या. तो हुकूम काढणाऱ्यांनी त्याची काही सोय केली नव्हती."

सल्लागारांनी काहीतरी टिपून घेतलं. अध्यक्षबाई वह्या मोजत होत्या. "खंड दहा. वह्या नऊ. चौथ्या वर्षाची दिसत नाही."

सरांनी घसा साफ केला. "त्याचं असं आहे की, आमचं कपाट..."

"ही आहे," ती म्हणाली. हात पिशवीत कधी गेला ते तिलाही कळलं नाही. "चौथ्या खंडात मी नव्हते. आईजवळ होते. त्या पंधरवड्यात सरांनी माश्या सांभाळल्या."

सरांनी डोळे मिटून घेतले. अध्यक्षबाईंनी वही उघडली, चिठ्ठीचं पान काढलं, आणि वाचता वाचता त्यांच्या ओठांचे कोपरे हलले. मग त्यांनी मोठ्यानं वाचलं, "एक नाकात गेली. क्षमस्व."

लेखाधिकारी फिसकन हसले. मग खंडेराव हसले, आणि ते हसतात हे त्या इमारतीत पहिल्यांदाच कुणीतरी बघितलं. सरांचे कान लाल झाले होते.

हसू ओसरलं तशा अध्यक्षबाई गंभीर झाल्या. "मॅडम, ह्या वहीमुळे तुमची सलग वर्षं सात होतात. कल्पना आहे?"

"आहे."

"तरी आणलीत."

"ही नसती आणली तर बाकीच्या नऊ कुणी का खऱ्या मानाव्यात?" ती म्हणाली. हे वाक्य तिनं आधी ठरवलेलं नव्हतं. बोलल्यावर मात्र तिला वाटलं, तीन आठवडे आपण हेच शोधत होतो.

बाहेर आल्यावर सर व्हरांड्यातून चालत राहिले. जिन्यापाशी थांबून म्हणाले, "मूर्ख आहेस." मग म्हणाले, "मीच शिकवलंय म्हणा."

निकाल दीड महिन्यानं आला, आणि तो कडूगोड होता. सलग आठ वर्षं पूर्ण नसल्यानं ह्या वर्षी तिला कायम करता येत नाही. मात्र उरलेल्या खंडांत तिनं प्रत्यक्ष काम केल्याचं समितीनं मान्य केलं होतं. तिचं पद राखून ठेवावं, पुढचं वर्ष खंडाशिवाय नेमणूक द्यावी आणि ते पूर्ण झाल्यावर पुन्हा मुलाखत न घेता कायम करावं, असं लिहिलं होतं. शेवटी आणखी एक परिच्छेद होता. ज्या कामात दरवर्षी त्याच व्यक्तीची गरज भासते ते काम तात्पुरतं म्हणता येत नाही. सबब शिक्षकांना खंड देण्याची पद्धत सर्व विभागांत बंद करावी. हा परिच्छेद खंडेरावांनी तिला स्वतः वाचून दाखवला. वाचून झाल्यावर म्हणाले, "आता मला नवीन नाव शोधा."

सरांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी तिच्यासमोर दोनदा वाचली, त्यातली शुद्धलेखनाची एक चूक लाल शाईनं दुरुस्त केली आणि टपालाच्या फायलीत लावून टाकली.

आणि भूगोलाचे सर त्याच वर्षी कायम झाले. तिच्या वह्यांची बातमी कानावर आल्यावर त्यांना आपली वही आठवली होती. गच्चीवरच्या हवामान केंद्रात ते रोज पाऊस आणि तापमान नोंदवायचे, खंडातसुद्धा. त्यांची एकही नोंद चुकलेली नव्हती. आदेश मिळाल्यावर ते मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. आत यावं की नाही अशा विचारात.

"मॅडम, हे तुमच्यामुळे झालं. आणि तुमचंच राहिलं."

तिला वाईट वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. क्षणभर तिनं बाटलीकडेच बघितलं. मग म्हणाली, "या की आत. दारात उभं राहून माश्या बाहेर सोडू नका." ते आत आले. तिनं त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या डोळ्यांची माशी दाखवली, आणि अकरा वर्षं शेजारच्या इमारतीत काढलेल्या त्या माणसानं ती पहिल्यांदा बघितली.

"बापरे," ते म्हणाले, "हिला दिसतं का ह्यातून?"

"अंधुक दिसतं," ती म्हणाली. "पण भागतं तिचं."

घरी सासूबाईंनी निकाल ऐकला. "म्हणजे आणखी एक वर्ष?"

"हो आई."

"अकरा गेली, एक काय मोठं," म्हणत त्यांनी समोरच्या गिऱ्हाइकाच्या नाकावरचा चष्मा काढून दुसरा चढवला. गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "हा घ्या. पहिल्यात तुम्ही घुबडासारखे दिसत होता."

ते बारावं वर्ष गेलं ते आधीच्यांसारखंच, आणि तरी वेगळं. सर निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांनी भाषण केलं नाही, विभागाची किल्ली नव्या प्रमुखांना दिली, आणि मग आठवड्यातून दोनदा बिनदिक्कत मागच्या खोलीत येऊन बसू लागले. नव्या प्रमुखांनी दोनदा भुवया उंचावल्या, मग सोडून दिलं. उन्हाळा आला. त्या पंधरा दिवसांत हजेरीपटावर तिचं नाव होतं. पहिल्या दिवशी सही करताना तिनं आपलं नाव नीट वाचून घेतलं, न जाणो दुसऱ्याच कुणाचं असायचं.

वर्ष भरल्यावर आदेश आला. सहायक प्राध्यापक, कायम. नवीन वेतनश्रेणी, वार्षिक वाढ, निवृत्तिवेतन, सगळं त्यात होतं. नवऱ्यानं तो दुकानातल्या अक्षरतक्त्याशेजारी चिकटवायचं म्हटलं. तिनं हातातून काढून घेतला. सासूबाईंनी आदेश हातभर लांब धरून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. "ह्यात माश्यांचा उल्लेख नाही कुठे," त्या म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसले.

पावसाळ्याच्या शेवटी खंडेरावांनी तिला कार्यालयात बोलावून घेतलं. त्यांना अजून नवीन नाव मिळालं नव्हतं.

"मॅडम, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुम्ही रोज आलात. हजेरीपटावरचा माणूस सुट्टीत कामावर आला तर त्याच्या खात्यावर रजा जमा होते. तुमच्या आठ जमल्यात. वर्षाच्या आत घ्या, नाहीतर जातील."

तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "तेच काम? माश्यांचं?"

"तेच. आधी त्याच दिवसांत तुम्हाला बाहेर काढत होतो, आता रजा देतोय." त्यांनी एक छापील अर्ज तिच्यापुढे सरकवला. "भरा."

तिनं पेनाचं टोपण काढलं. नाव, विभाग, पद. पदाच्या रकान्यात 'तात्पुरती' असं लिहायला हात गेला आणि वेळेवर थांबला. कधीपासून, कधीपर्यंत. तिनं चार दिवस लिहिले. माश्यांची तिला काळजी नव्हती. तिसऱ्या वर्षाच्या दोन मुली बाटल्या हलवायला तरबेज झाल्या होत्या, आणि सर होतेच, तीन नंबरची बाटली सोडून बाकी काहीही त्यांच्या हाती द्यायला हरकत नव्हती. मग रकाना आला, रजेचं कारण.

ती पेन धरून बसून राहिली. बारा वर्षांत तिनं एकदाही रजा मागितली नव्हती. तात्पुरत्या माणसाला रजा नसते, गैरहजेरी असते. काय लिहितात इथे? आजारी ती नव्हती. घरात कार्य नव्हतं. कुणी वारलं नव्हतं.

"काय लिहू?" तिनं विचारलं.

"लोक 'वैयक्तिक' लिहितात," खंडेराव म्हणाले.

"खरं कारण म्हणजे, काहीच नाही. दुपारी झोपायचंय. आणि ह्यांच्याबरोबर जरा कुठेतरी जायचंय, कुठे ते अजून ठरलेलं नाही."

खंडेरावांनी चष्मा कपाळावर सारला आणि तिच्याकडे नीट बघितलं. "मग तसं लिहा," ते म्हणाले. "मी मंजूर करतो."

तिनं लिहिलं, 'विश्रांती', खाली पूर्ण नावानं सही केली, आणि अर्ज त्यांच्याकडे दिला. त्यांनी शिक्का उचलला, शाईच्या गादीवर नीट दाबला आणि कागदावर उमटवला.